युकी कावाउची : नोकरी सांभाळून धावणारा माणूस जपानला इतका का भावला?

जपानच्या मॅरेथॉन धावपटूंची नावे आठवायची म्हटली, तर तोशिहिको सेको, नाओको ताकाहाशी, सुगुरु ओसाको ही नावे आधी पुढे येतात. सेकोने बोस्टनची मॅरेथॉन दोनदा जिंकली, ताकाहाशीने २००० साली सिडनीत ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले आणि ओसाकोने राष्ट्रीय विक्रम एकाहून अधिक वेळा मोडला. युकी कावाउचीच्या पदरी यातले बहुतेक काही नाही. तो ऑलिंपिकला कधी गेला नाही, राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर कधी नव्हता, आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याची सर्वोत्तम कामगिरी नवव्या क्रमांकाची आहे. असे असूनही गेल्या दीड दशकात सामान्य जपानी माणसाने ज्याला आपला मानले असा धावपटू शोधायचा तर त्याच्याच नावाशी यावे लागते. हे कसे घडले, याविषयी मला जे समजले आहे ते सविस्तर मांडतो आहे. जाणकारांनी भर घालावी.

कावाउचीचा जन्म ५ मार्च १९८७ चा, तोक्योतला, पण तो वाढला शेजारच्या सायतामा प्रांतात. पळण्याची शिस्त त्याला आईने लावली. लहानपणी ती त्याला बागेत नेऊन घड्याळ लावून पळवत असे आणि आधीच्यापेक्षा वेळ घसरली तर जादा फेऱ्या मारायला लावत असे. पुढे शालेय वयात दुखापतींनी त्याला इतके ग्रासले की नामांकित विद्यापीठांच्या धावपटू-संघांचे दरवाजे त्याच्यासाठी उघडलेच नाहीत. तो गाकुशुइन विद्यापीठात गेला. ते अभ्यासासाठी प्रतिष्ठित, पण लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या नकाशावर जवळजवळ नसलेले.

इथे जपानची व्यवस्था समजून घ्यायला हवी, नाहीतर कावाउचीचे वेगळेपण लक्षात येणार नाही. तिकडे लांब पल्ल्याच्या धावण्याचा कणा म्हणजे एकिदेन, म्हणजेच संघाने टप्प्याटप्प्याने धावण्याची रस्त्यावरची शर्यत, जिच्यात एक धावपटू आपला टप्पा संपवून गळ्यातला पट्टा पुढच्या साथीदाराच्या हाती देतो. १९२० साली सुरू झालेली हाकोने एकिदेन दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला तोक्यो आणि हाकोनेच्या डोंगरांतील आशी सरोवर यांच्यामध्ये जाऊन-येऊन दहा टप्प्यांत धावली जाते. एकूण अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक. नववर्षाच्या सुटीत घरोघरी दूरचित्रवाणीवर ती पाहिली जाते. या शर्यतीत चमकलेल्या मुलांना पदवीनंतर मोठ्या कंपन्या आपापल्या संघात घेतात. तिथे नोकरी नावापुरती असते. प्रशिक्षक, वसतिगृह, आहार, मालिश, उंचावरील सराव शिबिरे हे सारे कंपनी पाहते. सेकोपासून आजपर्यंतचे बहुतेक मोठे जपानी धावपटू याच मार्गाने आले आहेत.

कावाउची हाकोनेत धावला, पण कसा? ज्या विद्यापीठांचे संघ पात्र ठरत नाहीत, त्यांच्यातील निवडक मुलांचा एक संमिश्र संघ असतो. त्या संघातून २००७ आणि २००९ साली त्याने सहावा टप्पा, म्हणजे हाकोनेहून खाली येणारा तीव्र उताराचा टप्पा, पळून काढला. गाकुशुइनच्या विद्यार्थ्याने हाकोनेत धावण्याची ती पहिलीच वेळ होती. पदवीनंतर कंपनीच्या संघाची वाट न धरता त्याने परीक्षा दिली आणि सायतामा प्रांताच्या सरकारी सेवेत तो रुजू झाला. नेमणूक मिळाली ती कासुकाबे येथील सरकारी शाळेच्या सायंकालीन विभागात, कार्यालयीन कर्मचारी म्हणून. कामाची वेळ दुपारी पाऊण वाजल्यापासून रात्री सव्वानऊपर्यंत. त्यामुळे सराव होई तो सकाळी, दिवसातून एकदाच. कंपन्यांचे धावपटू दिवसातून दोनदा धावत महिन्याला हजार किलोमीटरच्या घरात जात असताना हा सहाशेच्या आसपास असे, आणि तीव्र सरावाची उणीव आठवड्याच्या सुटीत स्पर्धांमध्ये उतरून भरून काढी. स्वतःच्या खर्चाने, स्वतःच आखणी करून, प्रशिक्षकाशिवाय.

२७ फेब्रुवारी २०११ रोजी तोक्यो मॅरेथॉनमध्ये तो एकूण तिसरा आणि जपानी धावपटूंत पहिला आला. वेळ होती २ तास ८ मिनिटे ३७ सेकंद. देशभरातल्या कंपन्यांचे पगारी धावपटू त्याच्या मागे राहिले होते. अंतिम रेषा ओलांडताच तो कोसळला आणि त्याला उचलून वैद्यकीय कक्षात न्यावे लागले. हे दृश्य पुढे लोकांच्या परिचयाचे झाले, कारण बहुतेक मोठ्या शर्यती त्याने अशाच संपवल्या. चेहरा पिळवटलेला, मान तिरकी, हात वेडेवाकडे, आणि शेवटच्या मीटरपर्यंत अंगातले सारे खर्ची घातलेले. त्याच्या धावण्याला सुंदर कोणीही म्हणणार नाही. पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट लांबूनही स्पष्ट दिसे, की हा काहीही राखून ठेवत नाही.

त्या वर्षी दक्षिण कोरियात देगू येथील जागतिक स्पर्धेत तो अठरावा आला आणि जपानला सांघिक रौप्य मिळवून देण्यात त्याचा वाटा होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी मात्र निवड झाली नाही. निवडीच्या दृष्टीने निर्णायक असलेल्या तोक्यो मॅरेथॉनमध्ये तो चौदावा आला, आणि पाठिंबा देणाऱ्यांची क्षमा मागण्यासाठी त्याने मुंडण केले. लोकांच्या मनात त्याच्याविषयीची जवळीक याच अपयशानंतर वाढली, असे मला वाटते. २०१३ साली त्याने अकरा मॅरेथॉन धावल्या. फेब्रुवारीत बेप्पु-ओइता येथे २:०८:१५ अशी वेळ देऊन विजय, मार्चमध्ये सोलला २:०८:१४, आणि डिसेंबरमध्ये फुकुओकाला २:०९:०५ धावल्यानंतर चौदाच दिवसांनी होफु येथे २:०९:१५. दोन मॅरेथॉनमध्ये काही महिन्यांचे अंतर असलेच पाहिजे, हा प्रशिक्षकांचा ठाम नियम होता. शाळेच्या कार्यालयात काम करणारा एक माणूस तो नियम दर महिन्याला मोडत होता आणि वेळाही देत होता.

त्याच्या लोकप्रियतेचे मूळ माझ्या मते इथे आहे. कष्टाळू माणसे जपानमध्ये पुष्कळ आहेत, कष्टाचे कौतुकही पुष्कळ आहे. पण ज्या व्यवस्थेबाहेर राहून काहीच साधत नाही असे सगळे मानत होते, तिच्याबाहेर राहून, कोणावरही टीका न करता, फक्त निकालाच्या कागदावर नाव नोंदवत त्याने उत्तर दिले. २००७ साली सुरू झालेल्या तोक्यो मॅरेथॉनमुळे हजारो नोकरदार तेव्हा नव्याने धावू लागले होते. त्यांना हा आपल्यातलाच वाटला, यात नवल नाही.

२०१८ साली त्याने बोस्टनची मॅरेथॉन जिंकली, त्याविषयी मुद्दाम लिहिलेले नाही. त्यावर इथे अधिक चांगले लिहू शकणारे सदस्य आहेत.

प्रतिसाद : बॉस्टनकर

धागा उत्तम झाला आहे. २०१८ च्या बोस्टनविषयी लिहितो, कारण त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो आणि तशी थंडी एप्रिलमध्ये मी पुन्हा अनुभवलेली नाही. १६ एप्रिलचा तो सोमवार. पाऊस आडवा येत होता, समोरून वारा, तापमान तीन-चार अंश. छत्री उघडली की उलटी होत होती. अनेक नामवंत धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली. कावाउचीने मात्र पहिला मैल ४ मिनिटे ३७ सेकंदांत काढला, तेव्हा जाणकारांनाही तो अविचार वाटला. पुढे केनियाचा जेफ्री किरुई, म्हणजे आधीच्या वर्षीचा विजेता आणि जगज्जेता, दीड मिनिटाहून अधिक पुढे निघून गेला. शर्यत संपल्यात जमा होती. पण थंडीने किरुईचे पाय जड होत गेले आणि चाळीस किलोमीटरनंतर कावाउचीने त्याला गाठून मागे टाकले. अंतिम वेळ २:१५:५८, आणि किरुई २ मिनिटे २५ सेकंद मागे. १९८७ च्या सेकोनंतर बोस्टन जिंकणारा हा पहिला जपानी पुरुष.

त्याच वर्षी १ जानेवारीला बोस्टनजवळच्या मार्शफील्ड येथे त्याने एक मॅरेथॉन धावली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पारा उणे पंधरा अंशांच्याही खाली होता. अंतर पूर्ण करणारा तो एकटाच होता आणि वेळ होती २:१८:५९. दोन तास वीस मिनिटांच्या आत सर्वाधिक मॅरेथॉन धावण्याचा अमेरिकेच्या डग कर्टिसचा विक्रम त्याला गाठायचा होता. त्यामुळे एप्रिलच्या थंडीला तो घाबरला नाही, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही.

त्या दिवशी महिलांमध्ये दुसरी आलेली सेरा सेलर्स ही रुग्णालयात पूर्णवेळ काम करणारी भूलतज्ज्ञ परिचारिका होती. हवामानाने पगारी आणि बिनपगारी हा भेद एका दिवसापुरता पुसून टाकला होता.

प्रतिसाद : हिशेबी

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. बोस्टनचा विजय अपवादात्मक हवामानातला आहे. तो वगळला, तर २:०८ च्या आसपास धावणारे जपानी पुरुष त्या काळात इतरही होते. २०१८ च्या फेब्रुवारीत युता शितारा याने २:०६:११ वेळ देऊन सोळा वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, ऑक्टोबरमध्ये ओसाकोने २:०५:५० धावून तो आणखी खाली आणला. त्यांच्या तुलनेत कावाउचीचे इतके कौतुक होते, ते त्याच्या गोष्टीचे की धावण्याचे? वृत्तपत्रांना 'सरकारी कर्मचारी धावपटू' हे बिरुद सापडले आणि ते विकले गेले, असे तर नाही ना?

प्रतिसाद : धागाकर्ता

हिशेबी, प्रश्न रास्त आहे. बिरुद वृत्तपत्रांनी दिले आणि त्याचा उपयोगही भरपूर करून घेतला, हे मान्य. पण बिरुदावर माणूस एखादे वर्ष चालतो. कावाउचीने २०२० च्या डिसेंबरमध्ये होफु येथे २:१०:२६ धावून दोन तास वीस मिनिटांच्या आतली आपली शंभरावी मॅरेथॉन पूर्ण केली. वीस मिनिटांचा हा उंबरठा म्हणजे दर किलोमीटर सुमारे ३ मिनिटे १९ सेकंद, सलग बेचाळीस किलोमीटर. आपल्याकडे शिवनाथ सिंह यांचा १९७८ चा २:१२:०० हा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला, आणि कावाउचीने त्याहून सरस वेळ कितीतरी वेळा दिलेली आहे. एवढे सातत्य कोणत्याही कहाणीने मिळत नाही.

शिवाय फेब्रुवारी २०२१ मध्ये बिवा सरोवर मॅरेथॉनच्या शेवटच्या आवृत्तीत, चौतिसावा वाढदिवस काही दिवसांवर आलेला असताना, त्याने २:०७:२७ ही आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली. त्याच शर्यतीत केंगो सुझुकीने २:०४:५६ असा राष्ट्रीय विक्रम केला, त्यामुळे ती बातमी मागे पडली. सोलच्या २:०८:१४ नंतर जवळजवळ आठ वर्षे त्याची सर्वोत्तम वेळ हलली नव्हती. इतक्या वर्षांनी ती सुधारणे मला बोस्टनइतकेच मोठे वाटते.

प्रतिसाद : माणदेशी

आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. पुढे त्या राज्य शासनात उपजिल्हाधिकारी झाल्या. आपल्याकडे वाट अशी आहे, की आधी कामगिरी आणि मग नोकरी. रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांच्या खेळाडू भरतीमुळे खेडोपाडीच्या मुलामुलींच्या घरी चूल पेटते, म्हणून त्या वाटेला नावे ठेवण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण कावाउचीची वाट उलटी आहे. त्याने नोकरी इतरांसारखी परीक्षा देऊन मिळवली, खेळाडू म्हणून नाही, आणि कार्यालयात त्याला सवलतीचा धावपटू म्हणून वागवले जावे अशी अपेक्षाही ठेवली नाही. रजा शिल्लक असेल तरच परदेशी शर्यत. खेळाडूने नोकरीकडे पाहण्याचा हा दृष्टिकोन आमच्या भागातल्या मुलांना मी आवर्जून सांगतो, कारण भरतीत अपयश आले की चांगली पळणारी मुले पळणेच सोडून देतात.

एक विचारतो, तो नोकरीत शेवटपर्यंत राहिला का?

प्रतिसाद : तोक्योतला पुणेकर

माणदेशी दादा, नाही. बोस्टनहून परतल्यावर त्याने नोकरी सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि एप्रिल २०१९ पासून तो एका विमा कंपनीशी जोडलेला व्यावसायिक धावपटू झाला. तेव्हा इथे काही जणांना हळहळ वाटली होती. आपल्यातला एक माणूस पलीकडे गेला, अशी ती भावना होती. मला ती पटली नाही. सरकारी सेवेत असताना त्याला प्रायोजक घेता येत नव्हते, आणि दहा वर्षे त्याने ती बंधने तक्रार न करता पाळली होती. बत्तिसाव्या वर्षी पूर्णवेळ धावून पाहावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेले लिहितो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिस ऑलिंपिकसाठीची राष्ट्रीय निवड शर्यत तोक्योत झाली. त्या सकाळी पावसाचा जोर असा होता की आम्ही शेजारी एका दुकानाच्या छपराखाली दाटीवाटीने उभे होतो. सुरुवात होताच कावाउची एकटा सुटला. छत्तीस वर्षांचा माणूस, समोर त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आणि वेगवान मुले, आणि तरीही मुख्य गट बराच मागे. माझ्या शेजारच्या आजीबाई छत्री मिटून टाळ्या वाजवत होत्या आणि त्याचे आडनाव न घेता 'युकी-कुन' अशी हाक मारत होत्या, जणू घरातलाच मुलगा. पस्तीस किलोमीटरच्या पुढे गटाने त्याला गाठले. एरवी इतका वेळ एकट्याने वारा-पाऊस अंगावर घेतलेला धावपटू तिथून मागे-मागे जात राहतो. हा चिकटून राहिला. नाओकी कोयामा २:०८:५७, अकिरा आकासाकी २:०९:०६, ओसाको २:०९:११ आणि कावाउची २:०९:१८, चौथा.

प्रतिसाद : हिशेबी

म्हणजे सात सेकंदांनी तिसरे स्थान गेले, आणि तिसऱ्या ओसाकोला पुढे पॅरिसची जागा मिळाली. वाचून खरोखर वाईट वाटले. लंडनच्या २०१७ च्या जागतिक स्पर्धेतही तो नववा आला होता आणि आठव्या क्रमांकापासून तीनच सेकंद दूर होता, असे आठवते. माझी आधीची शंका बऱ्याच अंशी फिटली आहे.

प्रतिसाद : नवशिकी धावपटू

मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करते आहे. आमच्या गटात काही जण कावाउचीचे उदाहरण देत दर रविवारी कुठली ना कुठली शर्यत धावतात आणि त्यातल्या दोघांचे गुडघे आताच दुखावले आहेत. स्पर्धा हाच सराव, ही पद्धत सामान्यांनी घ्यावी का?

प्रतिसाद : धागाकर्ता

ताई, शब्दशः घेऊ नये. त्याची पद्धत बाहेरून बेफिकीर दिसते, पण आतून फार जपून बेतलेली होती. नोकरीच्या काळात त्याच्या आठवड्यात वेगाचा सराव साधारण एकदाच, बुधवारच्या सुमारास असे, आणि दुसरा जोराचा दिवस म्हणजे शनिवार-रविवारची स्पर्धा किंवा लांब पल्ला. उरलेले दिवस तो संथ धावत असे, आणि त्या संथ धावण्यात कसलीही चढाओढ नसे. म्हणजे स्पर्धा ही त्याच्या सरावात भर नव्हती, ती सरावाच्या जागी होती. तुमच्या गटातले लोक आठवडाभर दामटून धावून वर रविवारी शर्यत करत असतील, तर ते त्याच्या पद्धतीच्या नेमके उलट करत आहेत. शिवाय त्या प्रत्येक शर्यतीत तो जीव तोडून धावत नसे. गावाकडच्या कुकी येथील अर्धमॅरेथॉनमध्ये त्याने एकदा सूट आणि टाय घालून १ तास ६ मिनिटे ४२ सेकंद अशी वेळ दिली, आणि एकदा तर पांडाचा वेश करून तो धावला. लहान मुले रस्त्यावर नाचत होती. अशा शर्यती त्याला सराव म्हणूनही उपयोगी पडत आणि गावालाही आनंद देत.

विद्यार्थीदशेतल्या दुखापतींनी त्याला कमी अंतर धावण्याचे महत्त्व शिकवले होते, आणि पुढची सगळी पद्धत त्यातूनच आली आहे. साताऱ्याच्या वाटेवर यवतेश्वरचा चढ आहे, तेव्हा आठवड्यात एक दिवस चढाचा ठेवा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी संथच धावा.

प्रतिसाद : बॉस्टनकर

एक भर घालतो. बोस्टनचा जपानी इतिहास १९५१ पासूनचा आहे. त्या वर्षी हिरोशिमाचा शिगेकी तानाका जिंकला, युद्धाला सहाच वर्षे झालेली असताना. पण जपानच्या मॅरेथॉनप्रेमाला एक दुःखद बाजूही आहे. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये कोकिची त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकाने मैदानात शिरला आणि हजारो देशबांधवांच्या डोळ्यांदेखत बेसिल हीटलीने त्याला मागे टाकले. कांस्यपदक मिळूनही आपण देशाचे देणे लागतो, ही भावना त्याच्या मनातून गेली नाही आणि १९६८ च्या जानेवारीत त्याने जीवन संपवले. तो स्वसंरक्षण दलात, म्हणजे जपानच्या सैन्यात होता. कधी धावायचे आणि कसे जगायचे, हे वरून ठरत असे. कावाउचीने २०१२ साली मुंडण करून माफी मागितली, तेव्हा जुन्या पिढीच्या मनात त्सुबुरायाची आठवण जागी झाली असेल, असे मला वाटते. फरक हा की कावाउची त्यानंतर लगेच पुढच्या शर्यतीला लागला, कारण त्याच्या शर्यती तो स्वतः निवडत होता. उष्णतेत आपले शरीर साथ देत नाही हे ओळखून, २०१७ नंतर देशाच्या संघात निवड नको, असेही त्याने उघड सांगितले, आणि २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेची मॅरेथॉन मध्यरात्री होणार म्हटल्यावर तो पुन्हा संघात आला. तिथे तो एकोणतिसावा आला, पण त्यावर त्याने मुंडण केले नाही, आणि देशानेही त्याला माफी मागायला लावली नाही.

प्रतिसाद : माणदेशी

बॉस्टनकर, ही माहिती नवी होती. त्सुबुरायाविषयी वेगळा धागा काढावा, ही विनंती. तानाकावरही लिहिता आले तर फार बरे होईल. हिरोशिमाच्या मुलाने सहा वर्षांत अमेरिकेत जाऊन शर्यत जिंकावी, हे आमच्या शाळेतल्या मुलांना वाचून दाखवायचे आहे.